पाण्यातले कॅल्शियम आणि पेशींतले संदेश

हृदयाचा ठोका, मज्जातंतूने स्नायूला दिलेला आदेश, लाळग्रंथीचा स्राव आणि फलनाच्या क्षणी बीजांडात सुरू होणारी हालचाल या वरवर अगदी वेगळ्या दिसणाऱ्या घटनांच्या मुळाशी एक समान रासायनिक घटना असते, ती म्हणजे पेशीच्या आतील कॅल्शियम आयनांचे प्रमाण थोड्या काळासाठी वाढणे आणि पुन्हा उतरणे. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा अणुसमूह. पेशीभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थांचे बनलेले असल्यामुळे असे भारित कण त्यातून सहजी आरपार जात नाहीत, आणि म्हणून त्यांच्या ये-जा करण्यासाठी पटलात प्रथिनांच्या बनलेल्या, उघडझाप करणाऱ्या वाटा असतात, ज्यांना आयनमार्गिका म्हटले जाते. कॅल्शियमची मार्गिका उघडली की बाहेरचे कॅल्शियम आत येते, आतील विशिष्ट प्रथिनांना चिकटते, त्यांचा आकार बदलवते आणि त्या बदलातून पेशीचे काम सुरू होते. या साखळीलाच कॅल्शियम संदेशवहन असे नाव आहे.

या व्यवस्थेचे सारे सामर्थ्य एका प्रचंड तफावतीवर उभे आहे. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे एक मिलिमोल असते, तर विश्रांत अवस्थेतील पेशीच्या आत ते सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. पेशी आपली ऊर्जा फॉस्फेटयुक्त संयुगांत साठवते आणि कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे आत कॅल्शियम साचू देणे पेशीला परवडणारे नसते. ऊर्जा खर्चून ते सतत बाहेर फेकणारे पंप पेशीपटलात असतात. धरणाच्या भिंतीआड अडवलेल्या पाण्याप्रमाणे बाहेर राहिलेले हे कॅल्शियम एखादी मार्गिका उघडताच वेगाने आत शिरते, आणि आतील मूळ प्रमाण इतके अल्प असल्यामुळे थोडीशी भरही पेशीला ठळकपणे जाणवते.

हे चित्र स्पष्ट व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या काळाचा इतिहास सहसा उपकरणांचा आणि पारितोषिकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, परंतु त्याच्या खाली आणखी एक धागा सलग वाहत आला आहे, आणि तो आहे शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या एका जुन्या कारागिरीचा, म्हणजे द्रावणे तयार करण्याच्या विद्येचा. कॅल्शियमविषयीचे निर्णायक शोध पुन्हा पुन्हा अशाच वेळी लागले, जेव्हा कोणीतरी प्रयोगातील पाण्याकडे, काचेकडे आणि त्यांतील नको असलेल्या अंशाकडे दुर्लक्ष करण्याचे नाकारले.

या इतिहासाचा आरंभ लंडनच्या पाणीपुरवठ्याशी जोडलेला आहे. ह्यू मिडल्टन याच्या पुढाकाराने खोदलेला आणि १६१३ मध्ये सुरू झालेला ‘न्यू रिव्हर’ हा कालवा हर्टफर्डशायरमधील वेअर गावाजवळच्या झऱ्यांचे पाणी लंडनच्या क्लार्कनवेल भागापर्यंत आणत असे. ते झरे खडूच्या दगडांच्या थरांतून फुटतात. प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या चुनखडीयुक्त कवचांपासून बनलेल्या या दगडातून झिरपताना पाणी कॅल्शियम बरोबर घेऊन येते. एकोणिसाव्या शतकात हे पाणी पुरवणाऱ्या न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळातून लंडनमधील घरांप्रमाणेच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही पाणी मिळत असे.

त्या प्रयोगशाळेत सिडनी रिंगर काम करीत होते. ते युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात वैद्य होते, औषधोपचारावरील त्यांचा ग्रंथ इंग्लंडमधील डॉक्टरांच्या नित्य वापरात होता, आणि रुग्णसेवेतून उरलेला वेळ ते बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांना देत. शरीराबाहेर काढलेले हृदय कोणत्या द्रवात किती काळ धडधडते हे पाहून रक्तातील कोणता घटक त्याला आवश्यक आहे हे ठरवायचे, असा त्या प्रयोगांचा उद्देश होता. १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी साध्या मिठाच्या द्रावणातही हृदयाचे आकुंचन चांगले टिकते असे नोंदवले होते. त्यानंतर ऊर्ध्वपातित पाण्यात, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेल्या व म्हणून क्षारविरहित पाण्यात, तेच द्रावण तयार केले असता हृदय क्षीण होत जाऊन थांबू लागले. आधीची द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर नळाच्या पाण्यात बनवली गेली होती, हे तेव्हा उघड झाले.

रिंगर यांचे मोठेपण त्यांनी यापुढे जे केले त्यात आहे. १८८३ च्या निबंधाची सुरुवातच त्यांनी ही चूक जाहीर करून केली, पाणी कोणत्या कंपनीचे होते ते नाव घेऊन सांगितले, आणि त्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण छापले, ज्यात दर दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम होते. मग नळाच्या पाण्यातील एकेक घटक ऊर्ध्वपातित पाण्यात वेगवेगळा मिसळून त्यांनी हृदय पुन्हा कशाने चालू होते ते तपासले, आणि ते काम कॅल्शियमचे असल्याचे सिद्ध केले. आजच्या मापनात ते प्रमाण लिटरमागे जवळजवळ एक मिलिमोल भरते, म्हणजे खडूच्या टेकड्यांतून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम जवळपास तेवढेच होते जेवढे मुक्त रूपात रक्तात असते. एरवी ज्याला भेसळ म्हणून टाकून दिले असते, तोच हृदयाच्या आकुंचनाला लागणारा घटक ठरला.

सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे योग्य प्रमाण राखणारे ते द्रावण पुढे रिंगर यांच्याच नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले. १९३० च्या दशकात अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ॲलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेटची भर घातली, आणि ‘रिंगर लॅक्टेट’ हे सलाइन तयार झाले, जे आज महाराष्ट्रातील तालुक्याच्या रुग्णालयापासून महानगरातील शस्त्रक्रियागृहापर्यंत सर्वत्र ‘आरएल’ या दोन अक्षरांनी ओळखले जाते.

रिंगर यांच्या मागोमाग इंग्लंडमध्येच दोन महत्त्वाची निरीक्षणे झाली. १८९४ मध्ये फ्रँक लॉक यांनी दाखवले की कॅल्शियम नसलेल्या द्रावणात मज्जातंतूला उत्तेजित केले तरी स्नायूला आदेश पोहोचत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉर्ज राल्फ माइन्स यांनी दाखवले की कॅल्शियम काढून घेतलेल्या हृदयात विद्युत स्पंदने चालूच राहतात, मात्र स्नायू आकुंचन पावत नाही. विजेचा संकेत आणि प्रत्यक्ष हालचाल यांना जोडणारा दुवा कॅल्शियम असावा, हा निष्कर्ष या दोन्ही प्रयोगांतून सहज निघत होता. तरीही पुढची कित्येक वर्षे बहुतेक जीवशास्त्रज्ञ कॅल्शियमला हाडांचा घटक आणि पेशींना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ याहून मोठे स्थान द्यायला तयार नव्हते. पेशीच्या आत ते काय करते याचा थेट पुरावा नव्हता, आणि तो मिळवण्याचे साधनही नव्हते.

या काळात अमेरिकेतील लुईस हाइलब्रुन हे शास्त्रज्ञ कॅल्शियम हाच पेशींच्या उत्तेजनाचा समान नियंत्रक आहे असे आग्रहाने मांडत राहिले. १९४७ मध्ये त्यांनी फ्लॉइड वेरसिन्स्की यांच्यासह बेडकाच्या स्नायुतंतूंच्या तुकड्यांत निरनिराळे क्षार घालून पाहिले, आणि शरीरात एरवी सापडणाऱ्या क्षारांपैकी कॅल्शियमनेच तंतू झटकन आखडतो असे दाखवले. जपानमध्ये कामादा आणि किनोसिता यांनी युद्धकाळातच तशाच स्वरूपाचे प्रयोग केले होते. आक्षेप मात्र शिल्लक होता, कारण बाहेरून आत घातलेले कॅल्शियम आकुंचन घडवते एवढ्यावरून जिवंत स्नायूत नेहमी तेच घडते हे सिद्ध होत नव्हते.

दरम्यान पेशीपटलातील वाटांचा अभ्यास दुसऱ्या दिशेने पुढे गेला होता. स्क्विड, म्हणजे कोकणच्या मासळी बाजारातले माकूल, या प्राण्यात पाण्याचा झोत मागे फेकून वेगाने पळण्यासाठी लागणारा एक मज्जातंतू असामान्य जाड असतो, आणि त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत जाते. इंग्लंडच्या प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये या तंतूच्या आत विद्युताग्र सरकवून संदेशाच्या वेळचा विद्युतदाब प्रत्यक्ष मोजला. युद्धानंतर पटलावरील विद्युतदाब स्थिर धरून त्यातून वाहणारा प्रवाह मोजण्याची पद्धत त्यांनी वापरली, आणि बाहेरच्या द्रावणातील सोडियम काढून टाकल्यावर प्रवाहाचा कोणता भाग नाहीसा होतो हे पाहून सोडियम व पोटॅशियम यांचे प्रवाह वेगळे केले. १९५२ मधील त्यांच्या निबंधमालेने मज्जातंतूतील संदेशाला गणिती रूप दिले, आणि १९६३ चे नोबेल पारितोषिक जॉन एकल्स यांच्यासह त्यांना मिळाले. मार्गिका प्रत्यक्ष दिसली नव्हती, पण तिचे वर्तन समीकरणांत उतरले होते.

त्यांच्या सिद्धांताला पहिला अपवाद मिळाला तो खेकड्याच्या स्नायूत. रिंगर ज्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काम करीत, तिथेच सत्तर वर्षांनी पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांना १९५३ मध्ये आढळले की बाहेरच्या द्रावणात सोडियम नसतानाही या स्नायूत विद्युत स्पंदन उमटते. पुढील तपासात ते स्पंदन कॅल्शियमच्या आत येण्यामुळे घडते हे स्पष्ट झाले, आणि सुसुमू हागिवारा यांनी समुद्रातील खडकांना चिकटून राहणाऱ्या महाकाय बार्नकलच्या जाड स्नायुतंतूंवर १९६० च्या दशकात त्याचा तपशीलवार अभ्यास केला. कॅल्शियमला स्वतःची मार्गिका आहे, ही कल्पना या प्रयोगांतून रुजली. कॅट्झ यांनी रिकार्दो मिलेदी यांच्यासह मज्जातंतूच्या टोकाशी होणारे रासायनिक द्रव्याचे उत्सर्जन बाहेरील कॅल्शियमवर कसे अवलंबून असते हेही दाखवले, आणि लॉक यांच्या जुन्या निरीक्षणाला त्यातून स्पष्टीकरण मिळाले.

पेशीच्या आतील कॅल्शियमचा प्रश्न टोकियोत सुटला. सेत्सुरो एबाशी हे स्नायू सैल पाडणाऱ्या एका घटकाचा शोध घेत होते, आणि त्यांच्यापुढील अडचण पुन्हा द्रावणाचीच होती. सर्वसाधारण रसायने, काचेची भांडी आणि ऊर्ध्वपातित पाणी यांतून नकळत येणारे कॅल्शियमच पेशीच्या आतील प्रमाणापेक्षा कैक पटींनी जास्त भरत असे, त्यामुळे कॅल्शियम न घालता केलेल्या प्रयोगातही ते हजर असायचे, आणि त्याची गरज नाही असा चुकीचा निष्कर्ष निघायचा. यावर उपाय ठरली कॅल्शियमला घट्ट पकडून ठेवणारी संयुगे, ज्यांना कीलक म्हणतात. एबाशींनी १९६० च्या सुमारास दाखवले की जे कीलक कॅल्शियमला जितके घट्ट पकडते, तितकेच ते स्नायू सैल पाडण्यात प्रभावी ठरते. त्याच काळात ॲनमरी वेबर यांनीही आकुंचनाला सूक्ष्म प्रमाणातील कॅल्शियम अनिवार्य असल्याचे दाखवले. स्नायूच्या आतील नलिकाजाल कॅल्शियम ओढून साठवते हे एबाशी आणि जर्मनीतील विल्हेल्म हासेलबाख यांच्या गटांनी दाखवल्यावर आकुंचन आणि शिथिलता यांचे चक्र पूर्ण झाले. १९६५ मध्ये एबाशींनी कॅल्शियम ग्रहण करणारे ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले. आज हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करण्यासाठी रक्तात तपासले जाणारे ट्रोपोनिन याच प्रथिनसमूहातील आहे.

जिवंत पेशीतील कॅल्शियम प्रत्यक्ष पाहण्याचे साधन मात्र अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथून आले. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामू शिमोमुरा आणि फ्रँक जॉन्सन तिथे जेलीफिशमधील प्रकाश देणारा पदार्थ वेगळा करण्याच्या खटपटीत होते. तो अर्क मोरीत ओतला असता तेजस्वी निळा प्रकाश उमटला. मोरीत समुद्राचे पाणी येत होते, आणि शिमोमुरांनी त्या पाण्याच्या घटकांचा विचार करून प्रकाशाचे कारण कॅल्शियम असल्याचे ओळखले. सुमारे दहा हजार जेलीफिशमधून मिळालेल्या काही मिलिग्रॅम प्रथिनाला एक्वोरिन हे नाव मिळाले. १९६७ मध्ये रिजवे आणि ॲश्ली यांनी ते बार्नकलच्या स्नायुतंतूत सोडले, तेव्हा उत्तेजनानंतर आधी प्रकाश चमकला आणि मग तंतू आखडला. कॅल्शियम आधी वाढते आणि आकुंचन मागून येते, या क्रमाचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. पुढे रॉजर त्सिएन यांनी कीलकांच्या रचनेतच बदल करून कॅल्शियम चिकटताच ज्यांची चमक बदलते अशी रंगद्रव्ये घडवली, आणि १९८० च्या दशकापासून सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतील कॅल्शियमच्या लाटा पाहणे शक्य झाले. शिमोमुरा आणि त्सिएन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मार्टिन चाल्फी यांच्यासह मिळाले, ते त्याच जेलीफिशमधील हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनावरील कामासाठी.

मार्गिकांच्या बाबतीत असाच टप्पा जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आला. एर्विन नेहेर आणि बर्ट झाकमन यांनी १९७६ मध्ये अतिसूक्ष्म टोकाची काचनळी बेडकाच्या स्नायुपेशीवर टेकवून तिच्याखालील एकाच मार्गिकेतून जाणारा प्रवाह मोजला. हा प्रवाह अँपिअरच्या एक लक्ष कोटीव्या हिश्श्याच्या पातळीचा असतो, आणि तो चौकोनी पायरीप्रमाणे अचानक सुरू होऊन अचानक थांबतो, म्हणजे मार्गिका एक तर उघडी असते नाही तर बंद. ताज्या, स्वच्छ काचनळीने हलकेच ओढ घेतली असता काच आणि पटल यांच्यात अत्यंत घट्ट सांधा जुळतो हे त्यांच्या गटाला पुढे कळले, आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली ही सुधारित पद्धत जगभर रूढ झाली. तिच्या सूत्रधारांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅल्शियमची मार्गिका समुद्रात आणि रक्तात कितीतरी अधिक असलेल्या सोडियमला कशी अडवते, या प्रश्नाचे उत्तरही द्रावणातूनच आले. बाहेरील कॅल्शियम जवळजवळ शून्यावर आणले की हीच मार्गिका सोडियमला वाट देते, असे १९८४ मध्ये आढळले, आणि मार्गिकेच्या आत बसलेले कॅल्शियमच इतरांना मज्जाव करते हे त्यावरून उमजले.

या ज्ञानाचा औषधांशी जोडलेला भाग जर्मनीतच, फ्रायबुर्ग येथे घडला. आल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांना १९६० च्या दशकात आढळले की वेरापामिल या औषधाचा हृदयावरील परिणाम द्रावणातून कॅल्शियम काढून घेतल्यासारखाच आहे, म्हणजे विद्युत स्पंदन राहते आणि आकुंचनाचा जोर घटतो. या ओळखीतूनच कॅल्शियमविरोधी औषधांचा वर्ग निर्माण झाला, आणि रक्तदाबासाठी भारतात रोज घेतली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी त्याच वर्गातली आहे. द्रावण बदलून हृदयाची परीक्षा घेण्याची रिंगर आणि माइन्स यांची रीत ठाऊक नसती, तर त्या औषधाच्या परिणामाचे हे वाचन कदाचित सुचलेही नसते.

रिंगर यांच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, कॅल्शियमचा दुसरा मोठा मार्ग उघडकीस आला. केंब्रिजचे मायकेल बेरिज हे माशीच्या लाळग्रंथींवर काम करीत असताना, संप्रेरक पेशीला बाहेरून स्पर्श करते तेव्हा पटलातील एका स्निग्ध पदार्थाचे तुकडे होतात, या जुन्या निरीक्षणाचा मागोवा घेत होते. रॉबिन अर्विन आणि फ्रँकफर्टमधील इरेने शुल्त्स यांच्या गटाबरोबर केलेल्या प्रयोगात त्यांपैकी एक तुकडा, इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट, स्वादुपिंडाच्या सच्छिद्र केलेल्या पेशींत घातला असता पेशीच्या आतील कोठारातून कॅल्शियम बाहेर पडले. या तुकड्याने उघडणारी कोठाराची मार्गिका कात्सुहिको मिकोशिबा यांच्या गटाने १९८९ मध्ये जनुकाच्या पातळीवर ओळखली.

या अध्यायात मुंबईचाही वाटा आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचा सीमोर बेंझर यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील एका प्रकाराचा दोष सोडियम मार्गिकेच्या जनुकात असल्याचे पुढे सिद्ध झाले. याच संस्थेच्या बंगळूर येथील राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीतील इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेटच्या मार्गिकेवर दीर्घकाळ काम केले. १९९२ मध्ये मायकेल रॉसबॅश यांच्यासह त्यांनी या माशीतील त्या मार्गिकेचे जनुक वर्णिले, आणि नंतर त्यांच्या गटाने दाखवले की मार्गिकेत दोष असलेल्या माश्यांना उडता येत नाही, कारण मज्जापेशींमधील कोठारातून कॅल्शियम सुटणे आणि रिकाम्या कोठाराची भरपाई बाहेरून होणे या दोन्ही क्रिया उड्डाणाची यंत्रणा घडण्यासाठी लागतात. बेरिज यांनी माशीच्या ग्रंथीत सुरू केलेल्या चौकशीला यातून माशीच्या वर्तनापर्यंतची वाट मिळाली.

या साऱ्या घटना एका ओळीत ठेवल्या की त्यांच्यातील साम्य नजरेत भरते. लंडनचे नळाचे पाणी, टोकियोच्या काचभांड्यांतील अंश, फ्रायडे हार्बरच्या मोरीतले समुद्रजल आणि ग्योटिंगेनची स्वच्छ काचनळी यांपैकी एकही गोष्ट संशोधनाचा ठरवलेला विषय नव्हती, आणि तरीही प्रत्येक वेळी उत्तर तिथूनच मिळाले. याला योगायोग म्हणणे अपुरे आहे. नळाच्या पाण्यातली द्रावणे इतर प्रयोगशाळांतही बनत असतील, आणि मोरीत ओतलेले अर्कही पुष्कळ असतील. फरक पडला तो अनपेक्षित परिणामाला त्रुटी म्हणून पुसून न टाकता त्याचे पृथक्करण करून ते छापण्याच्या शिस्तीमुळे. कॅल्शियम पेशीत सूक्ष्म प्रमाणात आणि पाण्यात सर्वत्र असल्याने ही शिस्त त्याच्या अभ्यासात अधिकच अटळ ठरली, कारण ज्याचे काम दहा हजार पटींच्या तफावतीवर चालते, त्याला ओळखायचे तर बाहेरून येणारा प्रत्येक अंश आधी मोजावा लागतो.

म्हणून जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा इतिहास शिकवताना नोबेल पारितोषिकांच्या यादीइतकेच महत्त्व द्रावणांच्या कृतींना आणि त्या कृतींच्या प्रामाणिक नोंदींना द्यायला हवे. कोणते पाणी वापरले, ते कुठून आले, त्यात काय विरघळले होते आणि अपेक्षेपेक्षा वेगळे काय घडले, हे प्रयोगवहीत लिहिण्याची सवय महागड्या उपकरणांची वाट पाहत नाही. ती शाळेच्या आणि महाविद्यालयाच्या साध्या प्रयोगशाळेतही लावता येते, आणि कॅल्शियमच्या शोधाची पहिली पायरी अशाच एका नोंदीने घातली गेली, ही गोष्ट त्या सवयीचे मोल पटवून द्यायला पुरेशी आहे.